एका माणसाची दोन मतं

“मतभेद कुठे आहेत?” मी विचारलं.

“मतभेद नाहीतच, मॅडम.” डॉ. संदेश म्हणाले. वर्गात पहिला नंबर आल्यासारखा चेहरा. “आमचं दोघांचं शंभर टक्के जुळलं.”

काम संपलं म्हणून त्यांनी कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, बॉक्स आणला होता. तो टेबलाच्या मधोमध उघडून ठेवला होता. शेजारी भारती खोत बसली होती. ती कुंद्याकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही बघत नव्हती.

शंभर टक्के जुळणं ही आमच्या कामात आनंदाची बातमी नसते. ती ऐकली की मी आधी शंका घेते. का, ते आधी सांगायला हवं.

मी बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजातून कम्युनिटी मेडिसिनची प्रोफेसर म्हणून रिटायर झाले. नंतर एका फेलोशिपसाठी मेंटर म्हणून काम करत होते. फेलोशिप कशाची, तर एव्हिडन्स सिंथेसिस शिकण्याची. नाव भारदस्त आहे, पण काम समजायला सोपं आहे. आरोग्याच्या कुठल्याही प्रश्नावर जगभर ढीगभर अभ्यास झालेले असतात. एक म्हणतो फायदा होतो, दुसरा म्हणतो होत नाही. त्यातला आपल्या सोयीचा एक उचलायचा आणि भाषण ठोकायचं, अशी आपल्याकडची रीत. इथे ती चालत नाही. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधायचे, त्यातले कामाचे निवडायचे, ते किती भरवशाचे आहेत ते तपासायचं, आणि सगळे मिळून काय सांगतात ते मांडायचं. त्याला रिव्ह्यू म्हणतात. हे पुस्तक वाचून येत नाही, पोहण्यासारखं पाण्यात उतरूनच येतं. म्हणून फेलोला वर्षभरासाठी एक मेंटर देतात आणि एक रिव्ह्यू खरोखर करून घेतात.

भारती माझी फेलो. फिजिओथेरपिस्ट, निपाणीची. कॉलेजच्याच हॉस्पिटलमध्ये काँट्रॅक्टवर होती. बेळगावात हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी बस पकडून घरी जायची. तिच्या ओपीडीत बँकेतली, ऑफिसातली, कॉम्प्युटरपुढे बसणारी माणसं मान धरून यायची. त्यावरून तिने प्रश्न घेतला होता. बसून काम करणाऱ्या माणसांनी मधेमधे थांबून मान आणि पाठीचे व्यायाम केले, तर दुखणं कमी होतं का? साधा, सरळ प्रश्न. मला फार आवडला होता.

प्रश्न ठरला की शोध घ्यायचा. कॉम्प्युटर अभ्यासांचा डोंगर पुढ्यात ओततो. त्यातले बहुतेक बिनकामाचे असतात. ते काढून टाकायचं काम म्हणजे स्क्रीनिंग. मी त्याला चाळणी म्हणते. चाळणीचा नियम कडक आहे. ती दोन माणसांनी करायची, आपापल्या लॉगिनवरून, एकमेकांचं न बघता. आधी लिहून ठरवलेल्या नियमांत, म्हणजे क्रायटेरियात, बसतो का ते बघून प्रत्येक अभ्यासापुढे ‘घ्या’ किंवा ‘टाका’ असं बटण दाबायचं. दोघांचं पूर्ण झालं की सॉफ्टवेअर मतभेद दाखवतं. मग दोघांना समोरासमोर बसवायचं. तू का घेतलास, मी का टाकला, यावर वाद घालायचा. नाहीच मिटला तर मेंटर निर्णय देतो. माझ्या फेलो या बैठकीला भांडणाची मीटिंग म्हणायच्या. माझ्या मते सगळ्या शिक्षणातली ही सगळ्यात चांगली मीटिंग.

कारण माणूस थकतो. कंटाळतो. एखाद्या शब्दाचा त्याच्या डोक्यात एक अर्थ पक्का बसलेला असतो आणि त्याला तेवढाच दिसतो. दोघींनी मिळून तांदूळ निवडले की एकीच्या नजरेतून सुटलेला खडा दुसरीला सापडतो, तसंच हे आहे. आणि म्हणून मतभेद असतातच. नवरा-बायकोचं आमटीतल्या मिठावर एकमत होत नाही. इथे एक फिजिओथेरपिस्ट आणि एक डॉक्टर, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एवढा मोठा ढिगारा चाळतात आणि एका ठिकाणीही खटका उडत नाही?

दुसरा चाळणारा फेलोच्या संस्थेतलाच असावा, असा फेलोशिपचा नियम होता. प्रिन्सिपलसाहेबांनी डॉ. संदेश यांचं नाव दिलं. हे भारतीच्या हॉस्पिटलचं काम बघायचे. हुशार, चटपटीत माणूस. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, “मॅडम, मला यातलं सगळं येतं.” असं म्हणणाऱ्या माणसाला शिकवायचे कष्ट मी घेत नाही.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

“सर, हा अभ्यास तुम्ही टाकलाय. का टाकलात?”

“क्रायटेरियात बसत नव्हता.”

“कुठल्या?”

“तोच आपला, मेन क्रायटेरिया.”

“आणि हा खालचा घेतलात, तो?”

“तो बसत होता ना.” त्यांनी एकदा भारतीकडे बघितलं. ती टेबलाचा सनमायका नखाने खरवडत होती. “मॅडम, मला ओपीडी आहे. तुम्ही दोघी बघून घ्या. कुंदा घ्या हां.”

ते गेले. मी दार लावून घेतलं.

“भारती, दोन्ही लॉगिन तूच चालवलंस?”

सनमायका खरवडणारं नख थांबलं. मग म्हणाली, “व्हय मॅडम.”

“कुणी सांगितलं?”

“सरांनी पासवर्ड दिलता. म्हणाले, ओपीडी बघू का ह्ये बघत बसू? तुझं झालं की माझ्यातनं पण तसंच मार.”

“आणि तू मारलंस.”

“माझं काँट्रॅक्ट त्यांच्या सहीनं रिन्यू होतंय मॅडम.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “दिवसभर ड्यूटी. मग हॉस्टेलवर आधी माझं, मग त्यांचं. निम्म्या वेळा तर मी काय वाचतेय तेच कळायचं न्हाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. रागाच्या भरात मी नको ते बोलले. “मग निदान चार ठिकाणी वेगळं तरी मारायचंस. मला पत्ताही लागला नसता.”

“मनात आलतं. न्हाय जमलं.” ती म्हणाली. “माझं मत एकच हाय. मग त्यांच्या नावावर दुसरं कुठनं आणू?”

मी तिच्यावर चिडलेली होते आणि चिडलेलीच राहिले. वर्षभर जे एक तत्त्व शिकवलं, तेच तिने गुंडाळून ठेवलं होतं. पण हे उत्तर ऐकून मी तिच्यावर ओरडायचं थांबवलं. ज्याच्यावर ओरडायचं, ते माणूस दुसरीकडे होतं.

मी तशीच प्रिन्सिपलसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“या हेरेकर मॅडम, बसा. कॉफी सांगू?”

“कॉफी नको. सर, चाळणी परत करावी लागणार.” मी काय झालं ते सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही.

साहेब हसले. “एवढंच ना? मला वाटलं काय झालं. स्क्रीनिंग म्हणजे क्लार्कचं काम, मॅडम. एकानं केलं काय आणि दोघांनी केलं काय.”

“ऑपरेशनच्या आधी पेशंटचं नाव आणि बाजू दोघेजण तपासतात. तेही एकानेच करा की मग.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? तिथे चुकलं तर एका माणसाचा भलताच गुडघा उघडाल. इथे चुकलं तर छापून येईल, आणि ते वाचून शंभर डॉक्टर हजार पेशंटना भलतंच सांगतील.”

“मॅडम, स्वल्प ॲडजस्ट माडी.”

म्हणजे थोडं जुळवून घ्या. साहेब माझ्याइतकेच मराठी आहेत. पण नको ती गोष्ट गळी उतरवायची असली की ते कन्नडवर जातात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते ऐकूनच माझा पारा चढतो. ॲडजस्ट नेहमी समोरच्यानेच करायचं असतं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. निपाणीला विडी वळणाऱ्या महिलांसाठी कॉलेजचं आरोग्य शिबिर ठरलं होतं. पाहुणे मोठे होते. त्यात एक पत्रक वाटायचं होतं. ‘दर तासाला पाच मिनिटं थांबा, मान फिरवा, दुखणं पळवा.’ खाली ओळ होती, ‘आमच्या संशोधनावर आधारित.’

“कुठलं संशोधन?” मी विचारलं.

“हेच की. तुमच्या फेलोचं.”

“ते संपलेलं नाही. त्यातून काय निघणार, हे मला माहीत नाही, तिला माहीत नाही. तुम्हांला आधीच कळलं?”

“व्यायाम चांगलाच असतो, मॅडम. त्यात संशोधन ते काय? संपवा लवकर.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि पेपरवर पहिलं नाव संदेशचं असू दे. त्याचं प्रमोशन अडलंय. ती काय, फिजिओ. दुसरं नाव मिळालं तरी पुष्कळ झालं तिला.”

बाहेरच्या वाचकांना सांगते. संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव ज्याचं, काम त्याने केलं असा अर्थ असतो. पुढची नोकरी, पुढचं शिक्षण, सगळं त्या पहिल्या नावावर ठरतं. ज्या माणसाने एकही बटण दाबलं नव्हतं, त्याला पहिलं नाव हवं होतं. आणि जिने त्याचीही बटणं दाबली, तिने आभार मानायचे होते.

“या टप्प्यावर मेंटरची सही लागते.” मी म्हटलं. “मी करणार नाही.”

साहेबांनी खांदे उडवले. “तुमची मर्जी. तिचं काँट्रॅक्ट संपत आलंय एवढं लक्षात ठेवा. पोरीचं नुकसान तुमच्यामुळं नको.”

मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. मी रिटायर झालेले. पेन्शन चालू. माझं कोण काय वाकडं करणार होतं? माझ्या तत्त्वाची किंमत भारतीला चुकवावी लागणार होती, आणि ते साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी निर्णय परस्पर घेतला नाही. भारतीला बोलावून केबिनमधलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पत्रक, पहिलं नाव, काँट्रॅक्ट. “तू म्हणशील तसं.” मी म्हटलं. “सही मी करणारच नाही. पण तू दुसरा मेंटर मागून घेऊ शकतेस. कुणीतरी सही करणारा मिळेल तुला. मी वाईट वाटून घेणार नाही.” शेवटचं वाक्य खोटं होतं. मला भयंकर वाईट वाटलं असतं.

ती शनिवारी निपाणीला गेली. सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच माझ्यापुढे उभी.

“परत करूया मॅडम.”

“काँट्रॅक्टचं काय?”

“लागतंय मला ते. न्हाय असं न्हाय.” ती म्हणाली. “पण ते पत्रक माझ्या गावात वाटणार. संशोधन म्हणून त्यात जे हाय ते मी एकटीनं, अर्धवट झोपेत मारलेलं हाय. माझ्याच गल्लीतल्या बायकांच्या हातात ते जाणार. मला न्हाय चालायचं.”

फेलोशिप चालवणाऱ्या मंडळींना ईमेल तिनेच लिहिला. आपण दोन्ही लॉगिन चालवले, का चालवले, आणि ते चूक होतं, असं सरळ लिहिलं. मी खाली माझं म्हणणं जोडलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. झालेली चाळणी रद्द. नव्या माणसाबरोबर पहिल्यापासून करा. मुदत वाढवून देतो, मानधन वाढणार नाही. डॉ. संदेश यांचं नाव पेपरवर नको.

इथपर्यंत ठीक. मी फोन करून विचारलं, कॉलेजला काय कळवलंत? पलीकडून अतिशय गोड आवाजात सांगण्यात आलं, “संस्थेशी संबंध बिघडायला नकोत, मॅडम. आम्ही सगळ्या मेंटर्सना एक जनरल सूचना पाठवतोय, देखरेख वाढवण्याची.” म्हणजे पासवर्ड वाटणाऱ्याला काही नाही. पत्रक छापणाऱ्याला काही नाही. काम पुन्हा करायचं भारतीने, आणि देखरेख वाढवायची मी. मी फोन ठेवला आणि घरात नवऱ्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

दुसरं माणूस आता मी शोधलं. रेणुकाक्का. त्याच संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात ट्यूटर, बेळगावातल्या विणकरांच्या वडगावची. तिच्याशी कुणाचंही सहज एकमत होत नाही, अशी तिची ख्याती होती. मला नेमकी अशीच बाई हवी होती.

दोघींनी वेगवेगळं बसून सगळा डोंगर पुन्हा चाळला. या वेळी मतभेद बख्खळ निघाले. भांडणाची मीटिंग माझ्या घरी, डायनिंग टेबलावर झाली. पहिले बरेचसे वाद चहा संपायच्या आत मिटले. कुणाची नजर चुकलेली, कुणी घाईत वाचलेलं. मग एक गट असा आला, की तिथे भारती प्रत्येक वेळी ‘टाका’ म्हणत होती आणि रेणुकाक्का प्रत्येक वेळी ‘घ्या’.

“ह्ये का टाकलंस गं?” रेणुकाक्काने विचारलं.

“ही घरातली माणसं हायत आक्का. आपला प्रश्न काम करणाऱ्यांचा हाय. ऑफिस, फॅक्टरी, असलं.”

“आपल्या नियमात ऑफिस असं लिहिलंय कुठं? बसून काम करणारी माणसं, एवढंच हाय. आणि नीट वाच की. घरात बसून नगावर शिवणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या बायका हायत ह्या. आमच्या वडगावात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल. माग चालवतोय तो काय करमणूक करतोय व्हय?”

“तसं न्हाय...”

“मग कसं? निपाणीत विड्या कुठं वळत्यात? हापिसात?”

भारतीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ती स्क्रीनवरचे ते अभ्यास एकेक करून परत वाचू लागली. मला वाटलं चिडली असेल.

“माझी आई अजून विड्या वळती.” ती म्हणाली. “सकाळी सूप मांडीवर घेतलं की संध्याकाळीच उठती. माझी फी त्यातनंच गेली. आणि शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करती, तर मी सांगायची, काय न्हाय, घरीच असती.” तिने नाक पुसलं. “आत्ता पण मी तेच केलं मॅडम. दोन्ही वेळेला. दोन्ही लॉगिनमधनं.”

रेणुकाक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “बरं, घ्यायचं का आता ह्ये?”

“घ्यायचं.” भारती म्हणाली.

मला निर्णय द्यावा लागला नाही. पण मी आतून हादरले होते. पहिली चाळणी तशीच पुढे गेली असती तर घरात बसून काम करणाऱ्या बायका आमच्या रिव्ह्यूतून एकजात गायब झाल्या असत्या. खाली मात्र लिहिलं गेलं असतं, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलं. आणि त्याच रिव्ह्यूच्या जोरावर पत्रक वाटलं गेलं असतं ते घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांना. संदेश सरांनी खरोखर बसून वाचलं असतं तर कदाचित त्यांनाही हे दिसलं असतं. त्यांना ओपीडी होती.

ते अभ्यास थोडे होते आणि फार भक्कमही नव्हते. पण त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत होती. नगावर काम करणाऱ्या बायका व्यायाम मधेच सोडून देत होत्या. थांबलं की नग कमी होतात आणि कमाई कापली जाते. ज्या थांबत होत्या, त्या नंतर हात दुप्पट वेगाने चालवून भरपाई करत होत्या. पगारदार माणसाची पाच मिनिटं आणि त्यांची पाच मिनिटं वेगळी होती. त्यांच्या बाबतीत व्यायामाचा फायदा होतो, असं म्हणायला आमच्याकडे पुरावा नव्हता.

मी हे सगळं लिहून प्रिन्सिपलसाहेबांना कळवलं. पत्रक थांबवा, निदान संशोधनाची ओळ तरी काढा, असं स्पष्ट म्हटलं. उत्तर आलं नाही. शिबिराचं निमंत्रण तेवढं आलं.

मी गेले. निपाणीतलं मंगल कार्यालय बायकांनी भरलं होतं. स्टेजवर पाहुणे, हार, शाली. डॉ. संदेश सूत्रसंचालन करत होते. प्रत्येकीच्या हातात ते गुळगुळीत पत्रक, आणि खाली ती ओळ जशीच्या तशी. माझं रक्त उसळलं. व्यायाम करून दाखवायची ड्यूटी भारतीला लावली होती. मान उजवीकडे, मान डावीकडे, खांदे वर, खांदे खाली. बायका हसत हसत करत होत्या.

प्रश्नोत्तरांत पुढच्या रांगेतली एक मावशी उठली. पत्रक वर धरून म्हणाली, “तासाला पाच मिनिटं थांबा म्हंतासा. त्या पाच मिनिटांतल्या विड्या कोण वळणार?”

हशा पिकला. स्टेजवरून प्रिन्सिपलसाहेब म्हणाले, “मावशी, आरोग्य महत्त्वाचं! आरोग्य असेल तर सगळं.” टाळ्या पडल्या. मावशी बसली नाही. ती भारतीकडे बघत होती.

माइक भारतीच्या हातात होता. तिने एकदा स्टेजकडे पाहिलं. तिचं काँट्रॅक्ट ज्यांच्या हातात होतं, ते दोघेही तिथेच होते. मग ती मावशीकडे वळली.

“मावशी, ऑफिसात बसणाऱ्यांना ह्याचा थोडा फायदा होतोय असं दिसतंय. तुमच्यासारख्या घरात बसून नगावर काम करणाऱ्या बायकांना होतोय का न्हाय, ते आम्हाला अजून माहीत न्हाय. आम्ही शोधलं. लई थोडं सापडलं.”

“म्हाईत न्हाय तर ह्यो कागद कशाला दिलासा?”

भारतीने माइक खाली घेतला. याचं उत्तर स्टेजवर बसलं होतं आणि शालीची घडी नीट करत होतं.

“बरं. कळलं की सांगाय ये.” मावशी म्हणाली आणि खाली बसली. पत्रकाची चौघडी घालून तिने वारा घ्यायला सुरुवात केली.

एवढ्या वर्षांत मी देशोदेशीच्या परिषदांना बसले. मोठमोठ्या माणसांनी न कळलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगितलेल्या ऐकल्या. ‘आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य इतक्या लोकांसमोर, नोकरी पणाला लावून म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला तिचा अभिमान वाटला आणि स्टेजवरच्या मंडळींची लाज वाटली.

पुढचं थोडक्यात. भारतीचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण लेखी दिलं, ‘पदाची आवश्यकता नाही.’ महिन्याभरात त्याच जागेवर दुसरी मुलगी बसली. भारतीने निपाणीतल्या एका खासगी दवाखान्यात काम धरलं, कमी पगारावर. रविवारी बेळगावला यायची आणि उरलेला रिव्ह्यू पुरा करायची. तो छापून आला. पहिलं नाव भारती खोत, दुसरं रेणुकाक्का. त्यात शेवटी लिहिलंय, की घरात बसून नगावर काम करणाऱ्यांना हा सल्ला देण्याइतका पुरावा आज नाही. डॉ. संदेश यांचं प्रमोशन दुसऱ्या कुठल्याशा पेपरवर झालं. तो कुणाकडून करून घेतला ते मी विचारलं नाही. फेलोशिपच्या पुढच्या बॅचला मला मेंटर म्हणून बोलावलं नाही. कॉलेजशी त्यांचे संबंध बिघडले नसावेत.

एव्हिडन्स सिंथेसिस शिकायला काय लागतं, असं तरुण मुलं मला अजून विचारतात. मी सांगते, इंटरनेट लागतं, चिकाटी लागते आणि दोन माणसं लागतात. दुसरं माणूस मिळत नसेल तर काम सुरूच करू नका. एकाची चूक दोघांच्या नावावर गेली की तिला पुरावा म्हणतात, आणि मग तो पुरावा कुणाच्या तरी आईच्या हातात देऊन तिलाच मान फिरवायला सांगतात.